डार्टमूरचा वाटाड्या

डोंगरवाटांच्या इतिहासात मानाचे पान साहेबाचे, वाटाड्या तळटीपेत. म्हणून श्रोतेहो, आम्ही जेम्स पेरटचे नाव आधी घेतो. इंग्लंडातील डार्टमूरच्या खडकाळ पठारावर पाहुण्यांना वाट दाखवून तो पोट भरी. दलदल तुडवीत क्रॅनमियर तळे गाठणे मोठे कष्टाचे. (तळे कसले, कोरडा खळगाच तो!) तेथे १८५४ साली त्याने एक बाटली ठेवली, पोहोचेल त्याने आपले कार्ड तीत टाकावे. पुढे लोक स्वतःचा पत्ता घातलेली पोस्टकार्डे ठेवू लागले. मागाहून येणारा अनोळखी माणूस ती उचली आणि टपालात टाकी. पहारा नाही, पावती नाही! 'लेटरबॉक्सिंग' हे नाव यातूनच पडले. १९३७ साली वर्गणीतून तेथे दगडी पेटी उभी राहिली. आज कपारीकपारींत हजारो पेट्या आहेत. आत शिक्का आणि वही. ठसा घ्यायचा, पेटी होती तशी लपवायची.