गार्सिया, संत गोन्सालो

(सु. 1556 – 5 फेब्रुवारी 1597). वसईत जन्मलेले फ्रान्सिस्कन संघाचे ब्रदर, जपानी भाषेचे दुभाषे आणि जपानमध्ये नागासाकी येथे श्रद्धेपायी क्रूसावर ठार मारलेल्या 26 रक्तसाक्षींपैकी एक. भारतात जन्मून कॅथलिक चर्चचे संतपद मिळालेले ते पहिलेच. वसईच्या कॅथलिक घरांत मुलांना सांगितल्या जाणाऱ्या श्रद्धेच्या आणि शौर्याच्या खऱ्या कथांमध्ये त्यांची कथा अग्रभागी आहे.

महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलाला वसई ठाऊक असते ती चिमाजी आप्पांनी 1739 मध्ये मिळवलेल्या विजयामुळे. त्याआधी, 1534च्या तहापासून, तिथे पोर्तुगीजांचा अंमल होता. गोन्सालो त्या काळातले. वडील पोर्तुगीज, आई कोकणातली. येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंच्या हाताखाली त्यांचे शिक्षण झाले आणि किशोरवयातच ते त्यांच्याबरोबर जपानला गेले. तिथे सुमारे आठ वर्षे त्यांनी धर्मशिक्षकाचे काम केले. जपानी भाषा त्यांनी आत्मसात केली ती लोकांमध्ये राहून, आणि पुढचे सारे आयुष्य तिने घडवले.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनापासूनची इच्छा होती. ती पुरी झाली नाही. ते व्यापारात शिरले, त्यात त्यांचा जमही बसला. पण मन रमेना. अखेर मनिला येथे फ्रान्सिस्कन संघाने त्यांना ब्रदर म्हणून स्वीकारले. मुलांसाठी लिहिलेल्या संतचरित्रांत हा भाग बहुधा दोन ओळींत उरकतात आणि थेट क्रूसाकडे वळतात. तसे करू नये. नकार पचवून, पोटापाण्याचा धंदा सांभाळत, मनातली ओढ विझू न देणे ही या माणसाची पहिली मर्दुमकी आहे आणि दहा-बारा वर्षांच्या मुलाला ती नीट कळते.

1593 मध्ये फिलिपिन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाउतिस्ता यांना वकील म्हणून जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्याकडे पाठवले. दुभाषे म्हणून सोबत गोन्सालो होते. हिदेयोशीने 1587 मध्येच मिशनऱ्यांना देश सोडण्याचा हुकूम काढलेला होता. अशा माणसासमोर परक्या गव्हर्नरचा निरोप जपानी भाषेत मांडायचा, तर शब्द चुकून चालणार नव्हते. बोलणी निभावली आणि फ्रान्सिस्कनांना राहण्याची मुभा मिळाली. क्योतोत त्यांनी मठ बांधला आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये उघडली.

1596च्या ऑक्टोबरात ‘सान फेलिपे’ हे मालाने भरलेले स्पॅनिश गलबत शिकोकू बेटाच्या किनाऱ्याला लागले. माल जप्त झाला. मिशनऱ्यांच्या मागोमाग स्पेनचे सैन्य येते असा संशय बळावला आणि हिदेयोशीने क्योतोतल्या फ्रान्सिस्कनांना पकडण्याचा हुकूम दिला. ही घटना दोन धर्मांच्या वैराची म्हणून मुलांपुढे ठेवणे चुकीचे ठरेल. तिच्यामागे सत्तेची भीती होती, व्यापार होता, युरोपीय राष्ट्रांची आपसांतली चुरस होती. शिवाय मारल्या गेलेल्यांतले बहुतेक जण जपानीच होते.

जानेवारी 1597 मध्ये क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानाची पाळी कापण्यात आली. मग ऐन हिवाळ्यात, जवळजवळ महिनाभर, त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. निघाले तेव्हा 24 होते, वाटेत आणखी दोघांची भर पडली. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, बाकीचे सतरा सामान्य जपानी ख्रिस्ती. त्यांत तीन मुले होती: बारा वर्षांचा लुईस इबाराकी, तेरा वर्षांचा आन्तोनियो आणि चौदा वर्षांचा थॉमस कोझाकी. थॉमसचे वडीलही कैद्यांत होते. वाटेत एका रात्री त्याने आईला पत्र लिहिले: माझी नि बाबांची काळजी करू नकोस, धाकट्या भावांना सांभाळ, असा त्याचा आशय. ते पत्र पुढे वडिलांच्या अंगावर सापडले. लुईसला श्रद्धा सोडल्यास जीवदान देऊ केले गेले. त्याने ते नाकारले.

5 फेब्रुवारीला निशिझाका टेकडीवर 26 क्रूस तयार होते. तिथल्या पद्धतीप्रमाणे खिळे न ठोकता मान, हात आणि पाय लोखंडी कड्यांनी व दोरांनी जखडत, टेकायला मध्ये एक खुंटी असे. क्रूस उभे झाल्यावर दोन्ही बाजूंनी भाले खुपसून सर्वांना ठार मारण्यात आले. गोन्सालोंचे वय तेव्हा चाळिशीच्या आसपास होते.

पोप आठवे अर्बन यांनी 1627 मध्ये या रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित केले आणि नववे पायस यांनी 8 जून 1862 रोजी संतपद दिले. निशिझाकावर 1962 मध्ये स्मारक व संग्रहालय उभे राहिले. शिल्पकार यासुताके फुनाकोशी यांनी घडवलेल्या 26 ब्राँझ मूर्तींच्या ओळीत वसईचे गोन्सालोही आहेत. सोपाऱ्याजवळच्या गास गावचे चर्च आणि वसईचे महाविद्यालय त्यांच्या नावाने चालतात.

वसईतल्या घरांत सांगितल्या जाणाऱ्या अशा कथांचा वारसा मराठीत ‘सुवार्ता’ मासिकाने जपला. वसईचा किल्ला पाहायला मुलांना नेणाऱ्यांनी तटबुरुजांवरून तसेच परतू नये. आतले येशूसंघीयांचे पडके चर्च आज गोन्सालो गार्सियांच्या नावानेच ओळखले जाते. तेही आवर्जून दाखवावे.