आपल्या गावाचा आवाज कपाटात सडतोय

फिलिप्सने 1963 मध्ये कॅसेट आणली. 80 च्या दशकात ती स्वस्त झाली अन् भीमगीतं, कीर्तनं, सभांतली भाषणं गावोगाव टेप झाली. कंपनीच्या कॅसेटी कुठंतरी मिळतीलही. पण आपल्या चौकातल्या सभेची टेप एकच असते. बुरशीने खाल्ली की संपलं.

डिजिटल करताना लोक घाई करतात. पट्टी 4 मिलिमीटरपेक्षाही अरुंद. टेपरेकॉर्डरच्या हेडचा कोन जरा चुकला तरी आवाज घोंगडीआडून आल्यासारखा येतो. आधी हेड पुसा, ऐकत ऐकत त्याचा स्क्रू फिरवा, मग वेव्ह फाइल करा. एमपी-थ्री नंतर. खरखर काढणारं सॉफ्टवेअरही जपूनच, त्यात शाहिराचा श्वासही जातो! मूळ कॅसेट मात्र फेकू नका.

कुणाकडं जुन्या सभांच्या टेपा असतील तर कळवा.