टेलपासून सुरुवात : वाघाडच्या पाणी वापर संस्थांची वाटचाल

नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यात कोलवण नदीवर वाघाड धरण आहे. करंजवण, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव आणि पालखेड यांच्या बरोबरीने ते पालखेड धरण समूहात मोजले जाते. धरणाचा उजवा कालवा सुमारे ४५ किलोमीटर धावून निफाड तालुक्यातल्या ओझरपर्यंत पोहोचतो, म्हणजे नकाशावर पोहोचतो. १९८०च्या दशकात प्रत्यक्षातले पाणी वाटेतच संपत असे. हेडच्या म्हणजे कालव्याच्या मुखाकडच्या गावांत पाट भरून वाहत आणि टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, ओझरच्या शिवारात चाऱ्यांमध्ये गवत माजलेले असे. जमीन कागदोपत्री लाभक्षेत्रात नोंदलेली होती आणि शेतकरी मात्र पावसाच्या भरवशावर बाजरी पेरत होते. या विसंगतीतून ज्या संस्थांचा जन्म झाला, त्यांची ही वाटचाल आहे.

सिंचनाच्या अभ्यासात नाशिक शहराचे नाव तोवर चांगलेच रुजले होते. महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, लोकांच्या बोलण्यातली ‘मेरी’, १९५९ पासून दिंडोरी रस्त्यावर उभी होती. माती, काँक्रीट, जलप्रवाह, भूकंप हे तिचे विषय. त्या काळातल्या साऱ्या संशोधनाचा रोख धरण मजबूत कसे बांधावे याकडे होता आणि ते स्वाभाविकही होते. पानशेतची धरणफुटी १९६१ची, कोयनेचा भूकंप १९६७चा. बांधलेल्या धरणातले पाणी शेवटच्या शेतापर्यंत जाते की नाही, हा प्रश्न उशिरा पुढे आला. १९८० साली औरंगाबादला ‘वाल्मी’ ही जल व भूमी व्यवस्थापनाची संस्था सुरू झाली, १९८०च्या दशकाच्या मध्याला श्रीलंकेत आंतरराष्ट्रीय सिंचन व्यवस्थापन संस्था आली. रॉबर्ट चेंबर्स या इंग्रज अभ्यासकाने १९८८च्या पुस्तकात भारतीय कालव्यांवरच्या टेलच्या शेतकऱ्याकडे आणि रात्रीच्या वाया जाणाऱ्या पाण्याकडे जगाचे लक्ष वेधले. ओझरच्या शेतकऱ्याला हे सांगायला चेंबर्सची गरज नव्हती, पण त्याचे म्हणणे आता ग्रंथात आले होते.

ओझरला समाज परिवर्तन केंद्र ही संस्था काम करीत होती. बापूसाहेब उपाध्ये हे तिचे मार्गदर्शक, भरत कावळे हे तिचे धडाडीचे कार्यकर्ते. पाण्यासाठी मोर्चे काढणे, निवेदने देणे हा सर्वांना ठाऊक असलेला मार्ग होता. केंद्राने त्याला अभ्यासाची जोड दिली. कार्यकर्ते कालव्याने चालत गेले. धरणात किती पाणी, मंजुरी किती क्षेत्राला, किती क्षेत्र भिजते, पाणी कुठे मुरते आणि कुठे वळवले जाते, याची माहिती गोळा झाली. ‘आमच्यावर अन्याय होतो’ हे वाक्य पाटबंधारे खात्याने वर्षानुवर्षे ऐकले होते. आकडेवारी घेऊन समोर बसलेले शेतकरी खात्याला नवीन होते.

१९९०च्या सुमारास कालव्याच्या टेलकडच्या भागात तीन पाणी वापर संस्था उभ्या राहिल्या : महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. वर्षभर आधी नगर जिल्ह्यातल्या मुळा प्रकल्पावर चांदा येथे श्रीदत्त पाणी वाटप संस्थेने या वाटेवर पहिले पाऊल टाकले होते, त्यामुळे रान अगदीच अनोळखी नव्हते. पाणी वापर संस्थांसाठी वेगळा कायदा नव्हता, म्हणून नोंदणी १९६०च्या सहकारी संस्था कायद्याखालीच करावी लागली. पतपेढी आणि दूधसंस्थेसाठी बनवलेले नियम पाटाच्या पाण्याला लावताना अडचणी येणारच होत्या. तरी शासनाशी करार झाला. खात्याने ठराविक पाणी मोजून संस्थेच्या हद्दीवर द्यायचे, संस्थेने ते सभासदांत वाटायचे, पाणीपट्टी गोळा करून एकरकमी भरायची, चाऱ्यांची दुरुस्ती राखायची, आणि कोणते पीक घ्यायचे हे शेतकऱ्याने ठरवायचे. एका संस्थेला फुल्यांचे नाव देण्यात औचित्य होते. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी १८८०च्या दशकातच पाटबंधारे खात्याच्या बेपर्वाईवर कोरडे ओढले होते आणि शेतकऱ्याला पाणी मापाने मिळावे असा आग्रह धरला होता.

करार झाला म्हणजे पाणी आले, असे घडले नाही. टेलच्या संस्थेची पहिली लढाई हेडशी असते. वरच्या गावांना वर्षानुवर्षे मोकळे पाणी घेण्याची सवय लागली होती, तेव्हा खालच्यांनी हिशेब मागणे म्हणजे त्यांच्या घासातला घास काढणे असे त्यांना वाटले. कालव्यावरचे गेट, मोजमापाचे फ्लूम, रात्रीच्या पाळ्या या प्रत्येक ठिकाणी वादाला जागा होती. आवर्तन सुटले की कार्यकर्त्यांना रात्री बॅटरी घेऊन कालव्यावर पहारा द्यावा लागे. खात्यातही साशंकता होती. पाणी वाटपाचा अधिकार शेतकऱ्यांच्या हाती देणे सर्वच कर्मचाऱ्यांना रुचणारे नव्हते. दुसरीकडे याच खात्यातल्या काही अभियंत्यांनी नियमांचा अर्थ शेतकऱ्यांच्या बाजूने लावून दिला, मोजमाप शिकवले, कागद पूर्ण करून घेतले. त्यांची नावे फलकांवर आली नाहीत, पण त्यांच्या साथीवाचून हा प्रयोग पहिल्या हंगामापलीकडे गेला नसता.

या संस्थांची खरी प्रज्ञा विहिरींच्या प्रश्नात दिसली. कालव्याचे आवर्तन ठराविक दिवसांनी येते, पिकाला मात्र ते हवे तेव्हा लागते. द्राक्षबागेला ऑक्टोबरच्या छाटणीनंतर आणि एप्रिलच्या खरड छाटणीच्या वेळी पाणी चुकले तर वर्ष हातचे जाते. ओझरच्या संस्थांनी उपाय काढला तो असा : कालव्याचे पाणी बाणगंगा नदीवरच्या बंधाऱ्यांत आणि ओढ्यांत सोडायचे, ते जमिनीत मुरू द्यायचे आणि विहिरीतून उपसायचे. सरकारी हिशेबात पाझर म्हणजे गळती, नुकसान. ओझरने त्याच पाझराला साठवण मानले. यातून पुढचा आणि अधिक नाजूक प्रश्न उभा राहिला. विहीर मालकाची, पण तिच्यातले पाणी कुणाचे? कालव्याच्या पाण्याने विहीर भरत असेल तर विहीरवाल्यानेही संस्थेला पाणीपट्टी द्यावी, ही भूमिका येथे घेतली गेली. खासगी विहिरीच्या पाण्याचा सामाईक हिशेब मांडणे देशात आजही दुर्मीळ आहे. विद्यापीठांतले अभ्यासक ज्याला भूपृष्ठजल आणि भूजलाचा संयुक्त वापर म्हणतात, त्याची ही रोकड्या वसुलीसह झालेली प्रात्यक्षिके होती.

पिके बदलली. ज्वारी-बाजरी, गहू-हरभऱ्याच्या जोडीला भाजीपाला आणि द्राक्षे आली, ठिबक आले. मोजून मिळणारे पाणी मोजूनच वापरले जाते, हे येथे कुणाला शिकवावे लागले नाही. वाचलेले पाणी आपल्याच बांधावर राहते हे दिसल्यावर काटकसर आपोआप रुजली.

टेलचे यश पाहून मधली गावे पुढे आली आणि मग हेडचीही. खालून वर चढत गेलेला हा विस्तार लक्षात घेण्याजोगा आहे, कारण याच काळात आंध्र प्रदेशाने अगदी उलटा रस्ता धरला होता. तिथे १९९७च्या कायद्याने एका फटक्यात दहा हजारांहून अधिक पाणी वापर संस्था स्थापन झाल्या, निवडणुका झाल्या, जगभर गाजावाजा झाला आणि पुढे त्यांतल्या पुष्कळ संस्था नावापुरत्या उरल्या. वाघाडला एकेका चारीवरच्या बैठकीला वर्षे लागली. पण उभी राहिलेली संस्था लोकांनी मागून घेतलेली होती. अशा २४ संस्थांनी मिळून प्रकल्पस्तरीय पाणी वापर संस्था स्थापन केली आणि सुमारे पावणेसात हजार हेक्टर सिंचन क्षेत्राच्या वाघाड प्रकल्पाचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे आले. धरणाच्या तोंडापासून शेवटच्या चारीपर्यंतच्या पाण्याचे वेळापत्रक लाभधारकांनी बसवावे, ही महाराष्ट्रात अपूर्व गोष्ट होती. पूर्वी ज्यांच्याशी भांडण होते ते हेडचे शेतकरी आता त्याच बैठकीत शेजारी बसून पाळ्या ठरवू लागले.

राज्याचे धोरणही याच दिशेने सरकत होते. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील दुसऱ्या जल व सिंचन आयोगाने १९९९च्या अहवालात लाभधारकांच्या सहभागावर भर दिला. २००१-०२ पासून जलसंपदा विभागाने सिंचन प्रकल्पांचे स्थिरचिन्हांकन सुरू केले. एका घनमीटर पाण्यात किती उत्पादन, किती वसुली, हेड-टेलमध्ये किती तफावत, असे प्रकल्पांना मोजण्याचे निकष आले. प्रकल्प पूर्ण झाला म्हणजे जबाबदारी संपली, ही जुनी समजूत त्यामुळे ढिली पडली. २००३ साली राज्याची जलनीती जाहीर झाली आणि २००५ साली दोन कायदे आले : एक जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा, दुसरा सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन करण्याचा. दुसऱ्या कायद्यात संचालक मंडळावर हेड, मध्य आणि टेल या तिन्ही भागांना सारखे प्रतिनिधित्व आहे आणि अध्यक्षपदही या तीन भागांत फिरते ठेवले आहे. ओझर-वाघाडचा अनुभव ज्याने पाहिला असेल त्याला ही तरतूद कुठून आली याचे नवल वाटणार नाही.

दरम्यान संशोधनाचे वारेही फिरले. एलिनॉर ऑस्ट्रम यांचा सामाईक साधनांच्या व्यवस्थापनावरचा ग्रंथ १९९०चा, म्हणजे ओझरच्या संस्थांचा समकालीन. वापरणारे लोक एकत्र येऊन नियम करतात, ते पाळले जातात की नाही यावर स्वतः नजर ठेवतात आणि साधन टिकवतात, हे त्यांनी देशोदेशींच्या उदाहरणांनी दाखवले. २००९ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. नाशिक-धुळ्याकडच्या मोसम, पांझरा यांसारख्या नद्यांवरची सामूहिक सिंचनाची फड पद्धती तीनशेहून अधिक वर्षे हेच करीत आली होती. वाघाडला पुरस्कार मिळाले, राज्यातून आणि परदेशातून अभ्यास सहली आल्या, प्रबंध लिहिले गेले. आज संशोधकांचे प्रश्न आणखी पुढे गेले आहेत : उपग्रहावरून पिकाने घेतलेले पाणी मोजता येईल का, उघड्या चाऱ्यांऐवजी बंद नलिका टाकाव्यात का, स्वयंचलित गेटवर भरवसा ठेवावा का. बंद नलिकेने गळती थांबेल हे खरे. पण ज्या पाझरावर बाणगंगाकाठच्या विहिरी भरतात, त्याचे काय, हा वाघाडचा प्रश्न नलिकांच्या आराखड्यांत सहसा आढळत नाही.

२०१०च्या दशकाने संस्थेपुढे एक अवघड आरसा धरला. २०१२ आणि २०१५च्या दुष्काळांत खालच्या अंगाचे, पैठणचे जायकवाडी धरण आटले आणि गोदावरी खोऱ्यात समन्यायी वाटपाची मागणी तीव्र झाली. या वाटपासाठी नेमलेल्या मेंढेगिरी समितीचा अहवाल, २०१४चा प्राधिकरणाचा आदेश आणि २०१६चा उच्च न्यायालयाचा निकाल यांतून वरच्या धरण समूहांनी खाली पाणी सोडण्याचे सूत्र पक्के झाले. पालखेड समूहही त्यात येतो. एके काळी टेल म्हणून न्याय मागणारे शेतकरी खोऱ्याच्या नकाशावर हेडला बसले. द्राक्षबागायतदारांचा विरोध समजण्यासारखा होता, कर्जे डोक्यावर आणि बागा दारात उभ्या होत्या. तरीही पैठणच्या टेलचा युक्तिवाद नेमका तोच आहे जो ओझरने १९९० साली केला होता, आणि वाघाडचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही तो टाळून पुढे जाता येणार नाही.

आजही अडचणी संपलेल्या नाहीत. कालवे जुने झाले आहेत, धरणात गाळ साठतो आहे, पिण्याच्या पाण्याचे आरक्षण वाढते आहे. पहिल्या पिढीने रात्री कालव्यावर पहारा दिला, दुसऱ्या पिढीला पाणी मिळते हे गृहीतच वाटते, त्यामुळे सभांना तरुणांची उपस्थिती ही पदाधिकाऱ्यांची नेहमीची चिंता असते. कामकाज मात्र घालून दिलेल्या रीतीने चालू राहते. १५ ऑक्टोबरला धरणातला साठा निश्चित होतो. बाष्पीभवन आणि आरक्षण वजा जाता उरलेल्या पाण्याचा कोटा संस्थानिहाय काढला जातो. मागणी अर्ज येतात, पाणीपट्टी भरली जाते, आवर्तनांच्या तारखा ठरतात.