परिपाठातील प्रार्थनेचे संगीतकार : वसंत देसाई

शाळेच्या परिपाठात रोज म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेला चाल कोणी लावली, हे विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते. ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) या हिंदी चित्रपटांतील दोन प्रार्थना देशभरातील असंख्य शाळांनी आपल्याशा केल्या. एक पडद्यावर कैद्यांची, दुसरी शाळकरी मुलींची. दोहोंचे संगीतकार मात्र एकच : वसंत देसाई.

तत्कालीन सावंतवाडी संस्थानातील सोनवडे येथे १९१२ साली त्यांचा जन्म झाला. तरुण वयात ते ‘प्रभात फिल्म कंपनी’त दाखल झाले. तेथे पडेल ते काम करीत असतानाच गोविंदराव टेंबे, मास्तर कृष्णराव आणि केशवराव भोळे यांच्या सहवासात त्यांची संगीतदृष्टी घडली. पुढे व्ही. शांताराम यांनी ‘राजकमल कलामंदिर’ स्थापन केले आणि ‘शकुंतला’च्या (१९४३) संगीताची धुरा देसाईंकडे आली. ‘अमर भूपाळी’, ‘श्यामची आई’, ‘झनक झनक पायल बाजे’, ‘गूंज उठी शहनाई’ हे त्यानंतरचे ठळक टप्पे. उस्ताद अमीर खाँ यांचे गायन आणि उस्ताद बिस्मिल्ला खाँ यांची शहनाई त्यांनी चित्रपटाच्या रसिकांपर्यंत पोहोचवली.

रंगभूमीची मागणी निराळी होती. चित्रपटगीत ध्वनिमुद्रणात कायमचे बद्ध होते. नाट्यपद मात्र प्रत्येक प्रयोगात नव्याने फुलते. गायक-नटाला विस्ताराची मोकळीक ठेवूनच ते बांधावे लागते. विद्याधर गोखले यांच्या ‘पंडितराज जगन्नाथ’ (१९६०) या नाटकाच्या पदांतून देसाईंची ही जाण प्रत्ययास आली.

त्यांचे तिसरे क्षेत्र म्हणजे समूहगान. ‘एक सूर, एक ताल’ या उपक्रमातून त्यांनी हजारो शालेय विद्यार्थ्यांना एकत्र गायला लावले. येथे ना तयारीचा गळा, ना विस्ताराला वाव. हजारो अननुभवी कंठांना पेलेल आणि तरीही उथळ होणार नाही अशी चाल बांधणे ही कसोटीच होती. ‘गुड्डी’तील प्रार्थना केदार रागावर आधारलेली आहे. त्या रागाची चाल वक्र; पण ती प्रार्थना गाताना आपण राग गात आहोत, याची मुलांना जाणीवही होत नाही. शास्त्र लपवून ते सर्वांच्या मुखी देणे, हीच या संगीतकाराची खरी कमाई.

१९६६ साली एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांनी संयुक्त राष्ट्रसंघात गायिलेल्या विश्वमैत्रीच्या संस्कृत प्रार्थनेची स्वररचनाही देसाईंचीच. ती रचना कांचीच्या परमाचार्यांची, गायिका तमिळ आणि स्वरसाज कोकणच्या सुपुत्राचा!

२२ डिसेंबर १९७५ रोजी मुंबईत लिफ्टच्या अपघातात त्यांचे निधन झाले. चित्रपट पडद्यावरून उतरले, नाटकांचे प्रयोगही विरळ झाले. बृहन्महाराष्ट्रातील शाळांच्या प्रांगणांत मात्र, मातृभाषा कोणतीही असो, मुले हात जोडून उभी राहतात आणि वसंत देसाईंची चाल गाऊ लागतात.