फुग्यातला सूर्य

वाढदिवसाला आपण छताला टेकणारे फुगे आणतो. त्यातला हेलियम आधी सूर्यावर सापडला, मग पृथ्वीवर!

१८ ऑगस्ट १८६८. आपल्या देशातून खग्रास ग्रहण दिसलं. गुंटूरला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन आले होते. सूर्याच्या कडेच्या प्रकाशात तेव्हा एक पिवळी रेघ दिसली. ती नव्याच मूलद्रव्याची, असं इंग्लंडच्या लॉकियर यांनी ताडलं. ग्रीक भाषेत सूर्य म्हणजे ‘हेलिओस’, त्यावरून नाव पडलं हेलियम. पृथ्वीवर तो रॅम्से यांच्या हाती लागला १८९५ साली.

१९३७ साली अमेरिकेत हायड्रोजनने भरलेलं ‘हिंडेनबर्ग’ हवाई जहाज पेटलं, ३६ माणसं गेली. हेलियम पेटत नाही, म्हणून फुग्यांना तोच बरा. स्वस्त फुग्यांत मात्र आजही हायड्रोजन असू शकतो. म्हणून विकणाऱ्याला विचारूया, आणि फुगे मेणबत्तीपासून दूरच ठेवूया.

पण न पेटणारा वायू श्वासाला चालतो, असं नाही. गमतीच्या बारीक आवाजासाठी मुलं तो ओढतात. त्यात प्राणवायू नसतो. काही श्वासांतच शुद्ध हरपते. सिलिंडरला थेट तोंड लावलं तर दाबाने फुप्फुस फाटू शकतं.

म्हणून सिलिंडर उभा, बांधलेला, खिडक्या उघड्या, आणि तोटी मोठ्यांच्याच हाती. सूर्याची ही भेट फुग्यातच राहू दे.