वेरूळचं कैलास लेणं: फोटोत न सापडणारा रावण

कैलास लेण्याचा फोटो म्हटलं की बहुतेकांना कड्यावरून घेतलेलं दृश्यच आठवतं. अखंड डोंगर वरून खाली कोरत मंदिर काढलंय, हे त्यात एका नजरेत कळतं. पण इथलं सर्वात देखणं शिल्प त्या फोटोत येतच नाही. ते मंदिराच्या दक्षिण बाजूला, खालच्या भागात आहे.

प्रसंग ओळखीचा आहे. गर्वानं फुगलेला रावण कैलास पर्वतच उचलायला जातो. वर पार्वती दचकून शिवाला बिलगते, दासी पळत सुटते, शिव मात्र निवांत. पायाच्या नुसत्या दाबानं तो पर्वत स्थिर करतो.

शिल्पकारानं रावणाला खोल पोकळीत कोरलंय. अनेक हात पसरून तो खडकाला भिडलेला दिसतो आणि त्याच्याभोवती दिवसाही काळोख असतो. वरच्या शिव-पार्वतीवर उजेड, खाली अंधार. म्हणजे इथे सावलीही शिल्पाचाच भाग आहे. शिवाय ज्याला कैलास म्हणायचं ते मंदिर खऱ्याच डोंगराचं, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हातून बनलेल्या बेसॉल्टचं. रावण ज्या खडकाला भिडलाय, तोच हा!

हे काम आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं मानलं जातं. तेव्हा मंदिरावर गिलावा आणि रंग होते. त्याचे अवशेष अजून दिसतात, ‘रंगमहाल’ हे जुनं नावही त्यावरूनच सांगितलं जातं. त्यामुळे आज आपल्याला भावणारा काळा खडक मूळ रूप नव्हे.

कॅमेरा येण्याआधी, १७९०च्या दशकात, पुण्याच्या गंगाराम तांबटांनी वेरूळची लेणी कागदावर उतरवली होती. चित्रकाराला काय गडद ठेवायचं ते ठरवता येतं. मोबाईल ते आपणहून ठरवतो: अंधार दिसला की उजळतो, आणि रावण सपाट होऊन जातो. नंतर फिल्टर लावला तर उरलीसुरली खोलीही जाते.

यावर उपाय सोपा आहे. स्क्रीनवर उजेडातल्या शिवावर बोट टेकवायचं, ब्राइटनेस थोडा खाली ओढायचा आणि खालचा भाग काळाच राहू द्यायचा. त्याआधी दोन मिनिटं फोन खिशात ठेवून उभं राहिलं तर उत्तम, कारण डोळे अंधाराला सरावले की रावणाचे हात एकेक करून दिसू लागतात.

लेणी छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे ३० किलोमीटरवर आहेत. मंगळवारी बंद असतात.