ट्रक वाघिणीवर चढला, त्याची गोष्ट

कोलाड स्टेशनात तो प्रकार मी प्रथम पाहिला, तेव्हा हसूच आले. मालाने भरलेला ट्रक उतरणीच्या धक्क्यावरून सरळ मालगाडीवर चढला आणि एका वाघिणीवरून दुसरीवर जात पार पुढे जाऊन थांबला. मागोमाग दुसरा, तिसरा. मनात आले, ज्याने रेल्वेचा धंदा पळवला, त्यालाच ही पाठीवर घेऊन निघाली की!

पण मागचा इतिहास आठवला आणि हसू मावळले. 1950-51 मध्ये देशातल्या मालवाहतुकीचा सुमारे 89 टक्के वाटा रेल्वेकडे होता. पुढे ट्रकने तो कमी करत नेला. कारण केवळ भाड्याचे नव्हते. रेल्वेने माल पाठवायचा म्हणजे गोदामातून ट्रकमध्ये, ट्रकमधून मालधक्क्यावर, तिथून वाघिणीत आणि मुक्कामी पोचल्यावर पुन्हा तेच सगळे उलट. दर चढउतारीला हमाली, मोडतोड, खोळंबा. ट्रक मात्र दारातून माल उचलतो, दारात उतरवतो.

कोकण रेल्वेला हे दुखणे जास्तच जाचले. 1998 मध्ये पूर्ण मार्ग खुला झाला, तो कर्ज काढून बांधलेला. कोकणात मोठे कारखाने थोडे. माल होता तो शेजारच्या महामार्गावर, कशेडी आणि परशुरामचे घाट चढणाऱ्या ट्रकमध्ये. बी. राजाराम व्यवस्थापकीय संचालक असताना तोड निघाली. माल उतरवायचाच नाही, ट्रकच न्यायचा!

त्यासाठी भिंती नसलेली वाघीण हवी. रूळ आणि पोलाद वाहणाऱ्या सपाट वाघिणी कामी आल्या. 26 जानेवारी 1999 पासून कोलाड ते गोव्यातले वेर्णा अशी ‘रोरो’ धावू लागली. 2004 मध्ये ती कर्नाटकातल्या सुरतकलपर्यंत गेली. ड्रायव्हर-क्लीनर आपल्याच केबिनमध्ये बसून जातात. डिझेल वाचते, टायर वाचतात, घाटातली जोखीम टळते.

यात उणे नाही असे नाही. मालाबरोबर ट्रकचेही वजन ओढावे लागते. बोगद्यांमुळे उंचीला मर्यादा, म्हणून वाघिणीचा तळ जितका खाली तितके बरे. 2025 च्या गणेशोत्सवात खासगी मोटारींसाठीही अशी गाडी सोडली, पण प्रतिसाद थंडच राहिला.

म्हणजे नवी वाघीण आणली की गिऱ्हाईक येतेच असे नाही. त्याची नेमकी अडचण ओळखून ती आणली, तर मात्र येते. ट्रकवाल्यांची अडचण कोकण रेल्वेने अचूक ओळखली होती.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)